आमचं वर्कशॉप कुठं आहे?

मित्रांनो, फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवतंय ना? माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, फाइल घ्यायची आणि घासत बसायचं. राइट अँगल लावला की मध्ये उजेड दिसायचा आणि सर म्हणायचे, "परत घासा." माझे इंजिनिअरिंगचे मित्र हे सगळं फार रंगवून सांगतात. वर मला टोमणाही मारतात, "तुम्हा एमबीएवाल्यांचं बरं आहे लेका. टाय लावायचा आणि प्रेझेंटेशन द्यायचं!"

मी साताऱ्याचा. बी.कॉम. तिकडंच केलं आणि एमबीएसाठी सांगलीत आलो. या टोमण्याचा मला राग यायचा, पण उत्तर सुचत नव्हतं. कारण त्यात तथ्य होतं. तुमचा जॉब चुकला तर राइट अँगल लगेच सांगतो. आमचं चुकलं तर कोण सांगणार? कॉस्टिंगचं गणित मी पेपरात सोडवलं, पैकीच्या पैकी मार्क पडले. समर प्रोजेक्टचा रिपोर्ट सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग करून दिला. पण त्यातल्या एकाही आकड्यानं मला कधी चटका दिला नव्हता. तो चटका बसला गॅदरिंगच्या भडंगाच्या स्टॉलवर. त्या स्टॉलनं मला जे शिकवलं, ते लिहिण्यासाठी हा लेखनप्रपंच.

भडंगाचा हिशोब

आम्ही पाच जण. प्रत्येकी ६०० रुपये काढले, भांडवल ३००० झालं. कॉमर्सचा म्हणून खजिनदार मी. चुरमुरे, शेंगदाणे, तेल, लसूण, मसाला मिळून २१०० रुपये. पाकिटं १५०. म्हणजे एक पाकीट १४ रुपयांना पडतं, विकायचं २० ला. नफा ९००, प्रत्येकी १८०. मी ऐटीत माझ्या रूम पार्टनरला म्हणालो, "आठवड्यात तुझ्या ६०० चे ७८० करून देतो." त्यानं मुकाट्यानं पैसे काढून दिले.

प्रत्यक्षात काय झालं ते आता बघा. पिशव्या आणि पॅकिंगला २६० गेले, स्टॉलची फी ४००, रिक्षा १४०. एकूण खर्च २९००. पाकिटांपैकी १२ चवीला वाटण्यात आणि फुटण्यात गेली. २२ पाकिटं नीट बंद न केल्यामुळं रात्रीतून सादळली. ती कोण घेणार? विकली गेली ११६. त्यातली ८५ रोखीनं आणि ३१ उधारीवर. "संध्याकाळी पाठवतो रे" म्हणणारे सगळे आपलेच होस्टेलचे मित्र! त्या ६२० रुपयांतले पुढं महिनाभरात कसेबसे २६० आले, ३६० बुडाले.

आता खरं गणित. २९०० ला ११६ नं भागा. एक पाकीट २५ रुपयांना पडलं आणि आम्ही ते हसत हसत २० ला विकलं! पाकिटामागं ५ प्रमाणे ५८० आणि बुडीत उधारी ३६०, असा एकूण तोटा ९४०. ना नफा ना तोटा व्हायला १५० पैकी १४५ पाकिटं रोखीनं जायला हवी होती. 'ब्रेक इव्हन पॉइंट' हा शब्द मी दोन वेळा परीक्षेत लिहिला होता. स्टॉल लावण्यापूर्वी तो काढायचं मात्र मला सुचलं नाही.

गॅदरिंग संपलं तेव्हा हातात १८०० रुपये उरले होते. प्रत्येकी ३६० वाटले आणि मी विषय संपवला. पण तीन-चार दिवस माझा रूम पार्टनर रात्री जेवायला येईना. विचारलं तर म्हणायचा, "भूक न्हाई." शेवटी दुसऱ्या एकाकडून कळलं, की त्यानं दिलेले ६०० रुपये मेसच्या बिलाचे होते. त्याला २४० कमी पडत होते. बिलाची तारीख उलटली आणि मेसच्या यादीतून त्याचं नाव निघालं होतं.

मित्रांनो, त्या रात्री मला खऱ्या अर्थानं कॉस्टिंग समजलं. माझ्या वहीतला चुकलेला आकडा दुसऱ्याच्या ताटात जाऊन पडला होता.

वल्ली हळद आणि वाळकी हळद

मी त्याची माफी मागितली. त्याच्या घरी हळदीची शेती आहे. तो शांतपणे म्हणाला, "तुझं कुठं चुकलं सांगू? तू वल्ल्या हळदीचा हिशोब केलास. आमचा बा वल्ल्या हळदीचा भाव कधी धरतच न्हाई."

म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. शेतातून काढलेली हळद थेट सांगलीच्या बाजारात जात नाही. ती शिजवायची, उन्हात वाळवायची, मग पॉलिश करायची. साधारण पाच क्विंटल ओल्या हळदीची एक क्विंटल वाळकी हळद होते. जो शेतकरी ओल्या ढिगाकडं बघून नफा मोजेल, तो फसेल. त्यात शिजवण्याचं जळण, मजुरी आणि बाजारापर्यंतचं भाडं आलंच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावामागं हे वजन घटण्याचं गणित पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ असणारी माणसं आहेत. माझी १५० पाकिटं ही ओली हळद होती आणि रोखीची ८५ ही वाळकी. पुस्तकात याला यील्ड, वेस्टेज, बॅड डेट अशी तीन नावं आहेत. त्याच्या वडिलांकडं एकच वाक्य आहे.

आपल्याच मातीतले धडे

यानंतर मी जरा शोध घेतला, की व्यवहार करता करता शिकलेली माणसं आपल्या भागात कोण कोण आहेत. लांब जावं लागलं नाही.

पहिलं नाव लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. म्हणजे आपल्या सरांसारखेच! पुढं बेळगावात त्यांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. नांगर उत्तम होता, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडानं जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. इंजिनिअर मित्रांनो, हा धडा तुमच्यासाठीसुद्धा आहे. वस्तू बनवणं आणि ती विकली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती आजच्या सांगली जिल्ह्यात. तिथूनच १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं. सुरुवातीला ते कारखान्याच्या मालाची माहिती शेतकऱ्यांपर्यंत नेणारं पत्रक होतं. मार्केटिंगच्या पुस्तकाशिवाय केलेलं मार्केटिंगच म्हणा ना!

दुसरे आमच्या साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्था सगळ्यांना माहीत आहे, पण भाऊरावांनी एके काळी किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचे कंदील गावोगाव फिरून विकले, हे किती जणांना माहीत आहे? संस्था स्थापन झाली १९१९ मध्ये कराडजवळ काले इथं. १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. तिथल्या वसतिगृहाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नाव दिलं गेलं. तिथली मुलं स्वतः स्वयंपाक करायची, शेतात राबायची. मुलांना धान्य आणायला पैसे नव्हते तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. 'कमवा आणि शिका' ही योजना तिथल्या कष्टातून आली. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं, तेव्हा ती कॉलेजातही आली. आपण मेसच्या नावानं रोज बोटं मोडतो. त्या मुलांना डाळ किती लागते आणि ती कुठून येते, हे दोन्ही माहीत होतं.

तिसरं उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचं. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानं तिथल्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण सभासद बायका निरक्षर होत्या. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, की कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय सांगतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली आणि पुढं २००६ मध्ये ग्रामीण महिलांसाठी बिझनेस स्कूलही. तिथल्या एका अभ्यासक्रमाचं नावच 'देशी एमबीए' आहे. शेळी घ्यायला काढलेल्या कर्जाचं व्याज बाई विसरत नाही. मी मात्र पेपर झाला की सूत्र विसरतो. फरक डोक्याचा नाही, व्याज कोणाच्या खिशातून जातं याचा आहे.

बाहेरच्या जगातही हेच चाललं आहे. फिनलंडमध्ये १९९३ पासून 'टीम अकॅडमी' आहे. तिथं विद्यार्थी शिकता शिकता स्वतःची सहकारी कंपनी चालवतात, गिऱ्हाइकं खरी, बिलंही खरी. केस स्टडीसाठी जगभर गाजलेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलनंसुद्धा २०११ मध्ये प्रत्यक्ष कामाचा वेगळा अभ्यासक्रम जोडला. आपल्याकडं तर साखर कारखान्यापासून दूध संघापर्यंत सहकाराचं अख्खं विद्यापीठ दाराशी आहे.

होस्टेलवर करून बघा

१. एक आठवडा मेसचा हिशोब ठेवा. भाजी, गॅस, पगार, वाया गेलेलं अन्न धरून एक ताट कितीला पडतं ते काढा. मग तक्रार करा.

२. एका सकाळी मार्केट यार्डात जा आणि हळदीचा सौदा बघा. नुसता भाव ऐकून परत येऊ नका. शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी वाचा. हमाली, तोलाई वजा होऊन शेवटी काय उरतं ते लिहून घ्या.

३. आपल्या खिशातले ५०० रुपये घालून काहीतरी विका. रक्कम बुडाली तरी कोणाचं जेवण बंद होणार नाही एवढीच ठेवा. आधी ब्रेक इव्हन काढा, मग माल आणा.

४. उधारीची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. मित्र म्हणून लिहायला लाजलात, तर पैसे आणि मित्र दोन्ही जातात.

५. शेवटी तोट्याचा अहवाल लिहा. प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे, की नफ्याच्या प्रेझेंटेशनइतकेच मार्क प्रामाणिक तोट्याला द्या. माइल्ड स्टीलचा जॉब बिघडल्यावर तुम्ही "परत घासा" म्हणता, तसं आम्हालाही म्हणा.

आता शेवटचं. मी घरून पैसे मागवून रूम पार्टनरचं मेसचं बिल भरलं. उधारी वसूल होऊन त्याच्या वाट्याला एकूण ४१२ रुपये आले होते. राहिलेले १८८ मी माझ्याकडून देऊ लागलो तर त्यानं हात मागं घेतला. म्हणाला, "नफ्यात भागी धरली हुती, तर तोट्यातबी धर की."

परवा त्यानंच विचारलं, पुढच्या गॅदरिंगला काय विकायचं? मी म्हटलं, "आधी वही आण." कारण आमचं वर्कशॉप कुठं आहे, हे आता मला कळलंय. जिथं माझ्या आकड्यावर दुसऱ्याचं ताट अवलंबून असतं, तिथं!