खो-खोपटू सारिका काळे

उद्देश : दारिद्र्यातही क्रीडागुण फुलू शकतात, याची विद्यार्थ्यांस जाणीव करून देणे.

विवेचन : खो-खोस महागडे साहित्य लागत नाही; दोन खांब, आखलेले मैदान व चपळ पाय पुरेसे होतात. छत्रपती संभाजीनगरप्रमाणेच मराठवाड्यात मोडणाऱ्या धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे यांनी या खेळात कीर्ती मिळविली. सुमारे दहा वर्षे दिवसाकाठी एकदाच जेवण मिळे, असे त्यांनी पुढे सांगितले. २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. त्याच साली आर्थिक विवंचनेने खचून त्यांनी खेळ सोडण्याचेही ठरविले होते. परंतु समजूत घातल्यावर त्या मैदानावर परतल्या. पुढे त्या क्रीडा अधिकारी म्हणून शासकीय सेवेत आल्या. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोस हा मान २२ वर्षांनी लाभला.

शिक्षकांस सूचना : खेळाच्या तासास लवकर दमणाऱ्या मुलास आळशी म्हणू नये. ते उपाशीपोटी आले आहे काय, याची एकांती, मायेने विचारपूस करावी.

स्वाध्याय : १. खो-खोस कोणते साहित्य लागते? २. खचलेल्या सवंगड्यास तुम्ही कसा धीर द्याल?