जुने घर घेताना

घर घेताना जन्माची पुंजी जाते. म्हणून आधी भिंती वाचाव्यात, मग कागद वाचावा. भिंत कशी वाचायची, ते आज आपण शिकू.

आपल्या परभणी जिल्ह्यात काळी माती फार. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात ना? तेच घराखाली होते. पाया कधी उचलला जातो, कधी खचतो, आणि भिंत तडकते. जुने लोक शेताला काळी म्हणत, गावठाणाला पांढरी. आता वस्ती पांढरी सोडून काळीवर पसरली आहे.

तडा दिसला म्हणजे घर वाईटच, असे नाही. केसासारखी चीर बहुधा गिलाव्याची असते. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली, बोट शिरेल एवढी भेग दिसली, तर सावध व्हावे. ती आरपार आहे का, जोत्यात उतरली आहे का, हे पाहावे. दारे अडकतात का, तेही पाहावे.

दगडमातीच्या भिंतीला पोट आले असेल, तर ते घर नकोच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती जड माळवदासह कोसळल्या. हजारो माणसे झोपेतच दगावली.

एकाच कोपऱ्यात ताजा गिलावा दिसला, तर मालकाला विचारावे, "दादा, इथं काय झालं होतं? कधी दुरुस्त केलं?" भेग सिमेंटने बुजवली, पण पन्हळीचे आणि न्हाणीचे पाणी पायाशीच मुरते आहे, तर भेग पुन्हा उघडणार. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मालकाला विचारून भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवावी. दोन्ही टोके सिमेंटने पक्की करावीत. तारीख लिहावी. काच तडकली, तर समजावे की भिंत अजून हलते आहे. घर एकदा वैशाखात पाहावे, एकदा पोळ्याच्या सुमारास.

जाणत्या गवंड्याला दाखवल्याशिवाय इसार देऊ नये, असे आम्ही सांगतो. एका दिवसाची मजुरी गेली तरी चालेल, पण जन्माची कमाई जाऊ नये.

प्रश्न
१. काळ्या मातीवरच्या भिंती का तडकतात?
२. नुसती भेग बुजवून का भागत नाही?
३. आपल्या घराच्या भिंती पाहा. दिसेल ते चार ओळींत लिहून आणा.