उशिराचा खाना कॅटलॉगमध्ये नसतो



दरवेळी आपण इथे एखादा पाठ, एखादी कृती किंवा एखादं शैक्षणिक साहित्य पाहतो. आज वेळापत्रकाबद्दल बोलायचं आहे. हो, तेच. जूनमध्ये स्टाफरूमच्या भिंतीवर चिकटवलं जातं आणि दिवाळीनंतर ज्याच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही, ते. माझ्या वर्गातल्या काही मुलांचं गणित त्या कागदाने बिघडवलं होतं, आणि ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

आमची शाळा भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. अनुदानित, मराठी माध्यमाची. मुलं येतात ती खिंडीपाडा, हनुमान नगर, टेंभीपाडा या बाजूंनी, पायऱ्या आणि गल्ल्या उतरून. यांचे आजोबा लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांत होते. कारखाने गेले, तिथे टॉवर आले. आता वडील रिक्षा चालवतात, नाक्यावर उभे राहतात किंवा पार्सलं पोचवतात, आणि आई चार घरची कामं करते. इमारत एक, अधिवेशनं दोन. सकाळी पाचवी ते दहावी, दुपारी पहिली ते चौथी. सकाळची घंटा 7 वाजून 10 मिनिटांनी. ती घंटा बरेचदा आम्हीच वाजवतो. शिपाई निवृत्त झाले आणि पद भरलं गेलं नाही. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांत शिपायाच्या रिक्त होणाऱ्या जागी ‘शिपाई भत्ता’ आला. मुंबई-पुण्याच्या शाळांना महिना 10,000 रुपये. तेवढ्यात पूर्ण वेळ माणूस मिळतो का, ते तुम्हीच शोधून बघा.

तर 2023-24 ची गोष्ट. सहावीचा वर्ग, पट 48. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला एका शिक्षकामागे 35 मुलं सांगतो. मी वर्गशिक्षिका आणि गणितही माझंच, त्यामुळे पहिला तास गणिताचा. सकाळी मुलांचं डोकं ताजं असतं म्हणून गणित पहिल्या तासाला, हे आपण सगळ्यांनी डी.एड.ला असल्यापासून ऐकलंय. मी कधी त्यावर विचारही केला नव्हता.

वर्गात एक मुलगी होती. मराठी उत्तम, वाचन खणखणीत, अक्षर तर इतकं सुरेख की फळ्यावर सुविचार लिहायला तिलाच सांगायचो. आणि गणितात काहीच नाही. अपूर्णांकांची बेरीज करताना अंश अंशात, छेद छेदात मिळवून मोकळी व्हायची. पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात मी तिच्या नावापुढे लिहिलं, ‘गणितात अधिक रुची घ्यावी.’ त्या दिवशी आणखी दहा-अकरा मुलांपुढे हेच वाक्य लिहिलं होतं. हात आपोआप लिहितो ते.

ती उशिरा यायची. कधी 7.35, कधी 7.45. मी तिला दाराशी उभी करायचे. शिस्त म्हणून. विचारलं की एकच उत्तर, “पाणी आलं होतं, बाई.” मला वाटायचं, बहाणा. रोज कसं पाणी येईल?

रोज येतं, आणि तेच कारण आहे. जे भांडुपचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आशियातल्या सर्वांत मोठ्या जलशुद्धीकरण प्रकल्पांपैकी एक आमच्या खिंडीपाड्याला लागून आहे. तिथल्या एकाच केंद्राची क्षमता दिवसाला 1,910 दशलक्ष लिटर. मुंबईचा मोठा भाग जे पाणी पितो ते आमच्या दारावरून जातं. पण डोंगरावर चढायला पाण्याला दाब लागतो, आणि वरच्या गल्ल्यांत ते ठरलेल्या वेळीच, थोडा वेळ येतं. त्या वेळात घरात जो असेल त्याने हंडे, कळश्या, पिंप भरायचं. आई पहाटे पहिल्या घरच्या कामाला बाहेर पडलेली, वडील रात्रपाळी करून झोपलेले. मग उरतं कोण? मोठी मुलगी. मुंबई उच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2014 ला सांगितलं की 2000 नंतरच्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही. बरोबरच आहे, पण निकालाने दाब वाढत नाही.

18 जुलै 2021 ची पहाट तुम्हाला आठवत असेल. अतिवृष्टीत हा प्रकल्पच पाण्याखाली गेला आणि मुंबईच्या बऱ्याच भागाचा पुरवठा थांबला. शाळा तेव्हा ऑनलाइन होत्या. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हाहाकार. वर्गाच्या ग्रुपवर एका मुलाने लिहिलं होतं, “टीचर आज तुमच्याकडे पण नाही का?” तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं.

पेन्सिलची वही

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी एक साधी गोष्ट केली. कॅटलॉगमध्ये हजर आणि गैरहजर एवढंच असतं. उशिराचा खाना नसतो. 7.50 ला आलेलं मूलही महिन्याअखेरीस हजरच दिसतं आणि वर जाणाऱ्या आकडेवारीत सगळं ठीक असतं. म्हणून एक शंभरपानी वही घेतली आणि पेन्सिलने फक्त वेळ लिहू लागले. कोण, किती वाजता. कारण विचारायचं नाही, रागवायचं नाही.

तीन आठवड्यांनी वही घेऊन बसले. 14 मुलं आठवड्यातून किमान दोनदा उशिरा येत होती. त्यांत 10 मुली. मग गणिताच्या गुणांची यादी शेजारी ठेवली. ‘रुची घ्यावी’वाल्यांपैकी बहुतेक नावं याच 14 मध्ये होती. त्यांची मराठी, इतिहास ठीक होते, कारण ते तास नंतर असतात.

आता हिशेब करा. कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षाचे किमान 220 दिवस आणि 1,000 तास शिकवायचं. सहा दिवसांचा आठवडा धरला तर साधारण 37 आठवडे. मूल आठवड्यातून तीनदा पहिल्या 35 मिनिटांच्या तासाला मुकलं, तर वर्षाला सुमारे 65 तास गेले. हजारातले 65 फार वाटत नाहीत. पण हे 65 तास सगळ्या विषयांत वाटले जात नाहीत, ते सगळे गणिताचेच जातात. गणिताचे वर्षाचे तास साधारण 130. म्हणजे अर्धं गणित दाराबाहेर.

याच मुलांची तिसरी आणि चौथीही आठवून बघा. मार्च 2020 मध्ये ही दुसरीत होती. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग उघडले 15 डिसेंबर 2021 ला. जानेवारीत पुन्हा काही आठवडे बंद. म्हणजे भागाकार यांनी पाहिला तो वडिलांच्या मोबाईलवर, वडील घरी असतील तेव्हा. ज्या मुलाचा भागाकारच कच्चा, त्याचे अपूर्णांकाचे निम्मे तास बुडाले तर त्याने रुची कुठून आणायची?

काय बदललं

माझा पहिला विचार सोपा होता, गणित तिसऱ्या तासाला न्यायचं. मराठीच्या बाईंनी लगेच अडवलं. “म्हणजे माझी मराठी बुडाली तर चालेल?” त्यांचं बरोबर होतं. पहिला तास कोणाच्या तरी वाट्याला येणारच.

बऱ्याच चर्चेनंतर (चहा तीनदा झाला) असं ठरलं की पहिल्या तासाला कोणताच नवा घटक शिकवायचा नाही. तो तास सरावाचा. सोमवारी वाचन, मंगळवारी गणित, बुधवारी शुद्धलेखन असा फिरता. प्रत्येक विषयाने आपला एक तास सरावाला द्यायचा. मूल 7.40 ला आलं तरी आपल्या गटात बसून काम सुरू करू शकतं, त्याचं काही ‘सुटत’ नाही. दाराशी उभं करणं बंद. स्वतः वहीत वेळ लिहायची आणि आत यायचं. मुख्याध्यापकांनी एका वर्गापुरती परवानगी दिली.

गट इयत्तेने नाही, पातळीने केले. वाचनात अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गणितात हातच्याची वजाबाकी, भागाकार, अपूर्णांक. ही कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. ‘प्रथम’ संस्था 1994 पासून मुंबईच्या वस्त्यांत काम करते. त्यांच्या ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतलीच शिकलेली मुलगी महापालिका शाळेतल्या तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं बसवून पायाचं शिकवायची. मानधन महिना 500 ते 750 रुपये. अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात त्याचा अभ्यास केला, तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची प्रगती स्पष्ट होती आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्यांना झाला. उपक्रम सोडल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा फायदा ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे. ते वाचून मी ठरवलं की एक महिन्याचा ‘उपचारात्मक वर्ग’ घेऊन फाइल बंद करायची नाही, सराव वर्षभर चालला पाहिजे.

आमच्याकडे बालसखी नव्हती. शाळेची एक माजी विद्यार्थिनी, बारावी झालेली, तीन महिने सकाळी येऊन बसली. मग तिला मॉलमध्ये नोकरी लागली. तिला थांब म्हणायला माझ्याकडे काय होतं? वेतनेतर अनुदानातून वीजबिल आणि खडू निघाले की शाळेला हायसं वाटतं.

विरोधही झाला. वेळेवर येणाऱ्या एका मुलाचे वडील पालकसभेत म्हणाले, “आमचा पोरगा वेळेत येतो, त्याने रोज जुनंच का करायचं?” प्रश्न योग्य होता. त्याच्या गटाला मी शाब्दिक उदाहरणं आणि शिष्यवृत्तीचे जुने पेपर दिले, पण खरं सांगायचं तर पहिले दोन महिने त्या गटाकडे माझं लक्ष कमी पडलं. 48 मुलांत पाच गट सांभाळताना कोणीतरी सुटतंच. तुम्ही करून बघणार असाल तर तीन गटांवर थांबा.

आणि दोन मुलांचा उशीर पाण्याचा नव्हताच. एक जण रात्री बारापर्यंत काकाच्या खाण्याच्या गाडीवर असायचा. पहिल्या तासाला येऊनही तो बेंचवर झोपायचा. त्याला मी काही करू शकले नाही. घरी दोनदा जाऊन आले. काका चहा पाजून म्हणाले, “बघतो बाई.” पुढे काही झालं नाही.

त्या मुलीचं विचाराल, तर वार्षिक परीक्षेत ती गणितात पास झाली. फार नाही, पण छेद समान करून बेरीज केली होती. प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, ‘भागाकार आणि समच्छेद अपूर्णांक येतात. भिन्नच्छेदाचा सराव हवा.’ पालकहो, तुमच्या मुलाच्या पुस्तकात ‘रुची घ्यावी’, ‘लक्ष द्यावे’ असं काही आलं तर बाईंना किंवा सरांना जरूर विचारा, नेमकं काय येत नाही? आणि घरी पाणी कोण भरतं, धाकट्याला कोण सांभाळतं, हे आम्हाला सांगायला लाजू नका. बहुतेक आया ते पालकसभेत सांगत नाहीत. शाळा मुलीलाच दोष देईल अशी त्यांना भीती असते. मी दिलाच होता.

गरिबीमुळे हजेरी पडते, हे सरकारलाही माहीत नाही असं नाही. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी राज्यात 1992 पासून उपस्थिती भत्ता आहे. रोज 1 रुपया, वर्षाला जास्तीत जास्त 220. तीस वर्षांनंतरही तो रुपयाच राहिला. 2024 च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असे आदेश आले, कारण लहान मुलांची झोप होत नाही. चांगली गोष्ट. पण पाणी भरायला पाचवी-सहावीतल्या मुली उठतात, आणि त्यांची घंटा 7.10 लाच आहे. दुसरी इमारत असती तर कदाचित नसती.

आता आमच्या वेळापत्रकाशेजारी मुलांनीच केलेला एक तक्ता लावलेला आहे. कोणत्या गल्लीत पाणी किती ते किती. दर सत्रात तो बदलावा लागतो. गेल्या जूनमध्ये वरच्या दोन गल्ल्यांची वेळ दुपारची झाली आणि माझ्या वर्गातली मुलं अचानक 7 च्या आधी यायला लागली. आठवडाभराने दुपारच्या अधिवेशनातल्या तिसरीच्या बाई मला जिन्यात भेटल्या. त्यांची पाच-सहा मुलं रोज 1 वाजता येतात. त्यांनी विचारलं, “तुमची ती पेन्सिलची वही कुठे आहे हो?” निम्मी कोरी होती, तीच दिली.