अंगावरून पांढरे जाणे व वारंवारची खाज : कारणे आणि उपाय



गाय विल्यानंतर घाण टाकू लागली, तर आपण त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना निरोप धाडतो. कपाशीच्या पानामागे मावा दिसला, तर संध्याकाळपर्यंत चार शेजाऱ्यांना विचारून होते. परंतु घरातील बाईला महिनोन्‌महिने खाज, आग व पांढरे जाणे यांचा त्रास होत असला, तरी ती कोणाला सांगत नाही आणि कोणी तिला विचारत नाही. म्हणून आजचा धडा या विषयावर आहे. तो घरातील पुरुषांनीही वाचावा. ज्या भगिनींना वाचता येत नाही, त्यांना मुलीने किंवा सुनेने वाचून दाखवावा.

हा त्रास किती घरांत आहे?

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या शेजारी, प्राणहितेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्हा आहे. तेथे डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने वसा व अमिर्झा या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा अहवाल १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातील ९२ स्त्रियांना गर्भाशयाचा, योनीमार्गाचा किंवा संबंधातून होणारा एखादा तरी आजार होता. तोवर शंभरातील फक्त ८ जणींची अशी तपासणी कधी झाली होती. बाळंतपणाखेरीज बाईला काही आजार असतो, हेच तोपर्यंत आरोग्य योजनांच्या फारसे ध्यानात आले नव्हते. हा त्रास आपल्या एकटीलाच आहे असे ज्या भगिनीला वाटते, तिने हे आकडे लक्षात ठेवावेत.

बुरशी कोठून येते?

ताडी फसफसते ती यीस्ट नावाच्या सूक्ष्म बुरशीमुळे. तिच्याच प्रकारची, पण वेगळ्या जातीची एक बुरशी माणसाच्या आतड्यात, तोंडात व अनेक स्त्रियांच्या योनीमार्गात थोड्या प्रमाणात राहत असते. तिचे नाव कॅन्डिडा. थोडी असते तोवर ती काही त्रास देत नाही, कारण तिच्यावर राखण असते.

ही राखण करणारे जंतू म्हणजे दूध विरजणाऱ्या जंतूंचेच भाऊबंद. १८९२ साली डोडरलाईन या जर्मन डॉक्टरांनी त्यांचे वर्णन केले. ते योनीमार्गात आंबट आम्ल तयार करतात आणि त्यामुळे इतर घातक जंतूंना तेथे सहसा पाय रोवता येत नाही. बुरशीलाही ते आवर घालतात.

शेतकऱ्याला हे समजणे कठीण नाही. कपाशीत ढालकिडा व क्रायसोपा हे मित्रकीटक मावा खाऊन टाकतात. आपण तीव्र विषाची फवारणी केली की आधी मित्र मरतात, आणि काही दिवसांनी पांढरी माशी पूर्वीपेक्षा जोराने उठते. शरीरातही असेच घडते. आतले मित्रजंतू मारले गेले की बुरशीला मोकळे रान मिळते.

लक्षणे कशी ओळखावीत?

निरोगी स्त्रीच्याही अंगावरून थोडे पातळ, पांढरट पाणी जाते. पाळीच्या मधल्या दिवसांत ते वाढते. त्याला वास नसतो व खाज नसते. हा आजार नव्हे. ‘पांढरे गेल्याने हाडे झिजतात, अंगातली शक्ती जाते’ ही समजूत खरी नाही. अशक्तपणा असेल तर रक्त तपासून घ्यावे. बहुधा रक्त कमी असल्याचे आढळेल.

बुरशीच्या आजारात मुख्य लक्षण तीव्र खाज हे होय. जागा लाल होते, सुजते, लघवी करताना बाहेरून आग होते. पाणी घट्ट, दह्याच्या गुठळ्यांसारखे असते आणि त्याला सहसा दुर्गंधी नसते.

पाणी पिवळे-हिरवे, फेसाळ किंवा माशासारख्या वासाचे असेल, तर कारण निराळे असते व औषधही निराळे लागते. गडचिरोलीच्या तपासणीतही बुरशीपेक्षा जिवाणूंमुळे झालेला दाह अधिक आढळला. यासाठी शेजारणीला लागू पडलेली गोळी आपणही आणून खाणे बरोबर नाही.

पुन्हा पुन्हा का होते?

आयुष्यात एकदा तरी हा त्रास बहुतेक स्त्रियांना होतो. वर्षातून तीन वा अधिक वेळा झाला, तर त्याला वारंवारचा आजार म्हणतात व त्याचे मूळ शोधावे लागते. मुळे साधारणतः अशी असतात :

१. मधुमेह. रक्तातील साखर वाढली की बुरशीला खाद्य मिळते. पुष्कळ वेळा वारंवारची खाज हीच मधुमेहाची पहिली खूण असते. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांनीही हा त्रास वाढतो. तसे असल्यास गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

२. उठसूट अँटिबायोटिक. सर्दी झाली, अंग दुखले की आपण गावातल्या आरएमपीकडून सुई व कॅप्सूल घेतो. त्या औषधाने मित्रजंतूही मरतात.

३. स्टिरॉइड मिसळलेली मलमे. खाजेवर म्हणून दुकानातून जी स्वस्त मिश्र मलमे मिळतात, त्यांत पुष्कळदा तीव्र स्टिरॉइड असते. दोन दिवस थंड वाटते, पण आत बुरशी पसरते व कातडी पातळ होते.

४. गरोदरपण. या काळात शरीरातील बदलांमुळे बुरशी सहज वाढते. त्यात बाईचा काही दोष नाही.

५. रोगप्रतिकारशक्ती कमी होणे, उदाहरणार्थ एच.आय.व्ही.मध्ये. परंतु खाज आहे म्हणजे तो आजार आहेच, असे मुळीच समजू नये.

६. ओल आणि उष्णता. कापूस वेचताना दिवसभर घामाने भिजलेले, रोवणीत कमरेपर्यंत ओले झालेले आणि अंगावरच वाळलेले लुगडे, त्याखाली नायलॉनची घट्ट चड्डी; बुरशीला यापेक्षा चांगली जमीन कोणती?

७. पाळीचे कापड. ओडिशातील स्त्रियांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पुन्हा पुन्हा धुऊन वापरायचे कापड घेणाऱ्या स्त्रियांत बुरशीचा आजार अधिक होता, आणि कापड घरात लपवून वाळविणाऱ्यांत तो आणखी दिसला. कापड वाईट नाही. लाजेपायी ते अंधारात, ओले, दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालणे वाईट आहे.

घरगुती व नैसर्गिक उपाय : कोणते करावेत, कोणते टाळावेत

करण्यासारखे :

• बाहेरची जागा दिवसातून एक-दोनदा स्वच्छ साध्या पाण्याने धुवावी व मऊ कापडाने टिपून कोरडी करावी. शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यावा.

• सैल सुती कपडे वापरावेत. शेतातून आल्याबरोबर ओले कपडे बदलावेत. रात्री आतला कपडा घालू नये.

• पाळीचे कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. लाज वाटत असेल तर वरून एक पातळ ओढणी टाकावी. ऊन तिच्यातूनही पोचते. ऊन हे आदिलाबादला फुकट मिळणारे औषध आहे.

• आग होत असेल तर थंड पाण्याची घडी ठेवावी. कातडी कोरडी पडून चिरली असेल तर बाहेरून थोडे शुद्ध खोबरेल तेल लावावे. याने आराम पडतो. बुरशी मात्र याने पूर्ण जात नाही.

• दही-ताक जेवणात जरूर घ्यावे. १९९२ साली अमेरिकेतील एका लहान अभ्यासात जिवंत जंतू असलेले दही रोज खाणाऱ्या स्त्रियांना त्रास कमी झालेला दिसला. परंतु २००४ साली ऑस्ट्रेलियातील मोठ्या अभ्यासात अँटिबायोटिकनंतर असे जंतू देऊन बुरशी टळली नाही. म्हणून दही अन्न म्हणून खावे, त्यालाच औषध समजून बसू नये.

टाळण्यासारखे :

• तुरटी, चुना, डेटॉल, लिंबू, कडुनिंबाचा तीव्र काढा यांनी आतून धुणे. योनीमार्ग स्वतःची स्वच्छता स्वतः करतो. आतून धुतल्याने मित्रजंतू वाहून जातात व नाजूक त्वचा भाजते.

• लसणाची पाकळी, हळद किंवा घरचे दही आत ठेवणे. लसूण कातडी पोळते. घरच्या विरजणात कोणकोणते जंतू आहेत हे आपल्याला माहीत नसते.

• सुवासिक साबण, पावडर व अत्तर त्या जागी लावणे.

• साखर तपासल्याविना नुसता गूळ सोडून बरे होण्याची वाट पाहणे. मधुमेह नसेल, तर तेवढ्याने आजार जाईल असा भरवसा नाही.

औषध केव्हा व कसे?

बुरशी वाढल्यावर तिला औषध लागतेच, आणि ते महागही नाही. क्लोट्रिमॅझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा फ्लुकोनॅझोलची पोटात घ्यायची एक गोळी यांनी बहुतेक स्त्रियांना बरे वाटते. गरोदर बाईने फ्लुकोनॅझोल घेऊ नये. तिला सात रात्री ठेवायच्या गोळ्या किंवा मलम देतात. आराम पडला म्हणून मधेच औषध सोडू नये.

वारंवारच्या आजारात उपचार लांबतो. डॉक्टर प्रथम काही दिवसांत तीन गोळ्या देतात व नंतर सहा महिने आठवड्याला एक. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे औषध घेणाऱ्या शंभरातील सुमारे ९० स्त्रिया सहा महिन्यांच्या अखेरीस त्रासमुक्त होत्या. औषधाविना फक्त ३६. पण औषध थांबवून आणखी सहा महिने गेल्यावर हा आकडा ४३ वर आला. याचा अर्थ स्पष्ट आहे. गोळी तण कापते. मूळ उपटायचे तर साखर, ओल, कापड व अनावश्यक औषधे यांकडेच लक्ष दिले पाहिजे. नेहमीच्या औषधाने गुण न आल्यास पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते, कारण कॅन्डिडाच्या काही जाती या गोळ्यांना दाद देत नाहीत.

पुढीलपैकी काही असेल तर घरी थांबू नये : ओटीपोटात दुखणे, ताप, दुर्गंधी, फोड किंवा जखम, संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, गरोदरपण, किंवा लहान मुलीला त्रास. पाळी गेल्यानंतरचे रक्त ही कर्करोगाचीही खूण असू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात जावे. स्त्री डॉक्टर कोणत्या वारी असतात हे आशाताईला आधी विचारून घ्यावे. जाताना रक्तातील साखर तपासण्यास आवर्जून सांगावे.

घरातील पुरुषांना दोन शब्द

बुरशीचा हा आजार लैंगिक रोगांत मोजला जात नाही. ज्या स्त्रीचा कधी कोणाशी संबंध आला नाही, तिलाही तो होतो. बायकोला खाज आहे म्हणून तिच्यावर संशय घेणे हे अज्ञान आहे, आणि अन्यायही. नवऱ्यालाही खाज वा लाली असेल तर त्याने तपासून घ्यावे. एरवी त्याला औषध लागत नाही. त्रास असेपर्यंत बाईने ‘नको’ म्हटले तर त्याचा मान राखावा. दवाखान्यात तिच्या सोबत जावे, बसभाडे व औषधाचे पैसे तिला मागायला लावू नयेत.

बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली बाई शुभवर्तमानात आहे. वैद्यांपायी तिचे सारे धन गेले होते, आणि ती गर्दीत मागून, लपत आली. प्रभूने तिला सर्वांसमोर ‘मुली’ म्हटले. तिला दोष दिला नाही. आपल्या घरातील बाईलाही लपत यावे लागू नये.

उजळणीसाठी प्रश्न

१. नेहमीचे पाणी व बुरशीचे पाणी यांत फरक काय?
२. अँटिबायोटिकनंतर खाज का सुटते? कपाशीतील उदाहरणाने सांगा.
३. आपल्या घरी पाळीचे कापड कोठे वाळते? उद्यापासून ते उन्हात वाळावे यासाठी काय करता येईल?
४. वर्षातून तीनदा त्रास झाल्यास कोणती तपासणी आधी करावी?