एकच किंमत, दोन खाती

अंबरनाथ येथे 1920 च्या दशकात स्वीडिश काडेपेटी कंपनीने ‘विम्को’चा कारखाना उभारला. परदेशी मातृसंस्था आणि तिची येथील उपकंपनी हे नाते उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्याला तेव्हापासून परिचित आहे.

समजा, अशी एखादी उपकंपनी मातृसंस्थेकडून 100 रुपयांचे रसायन मागविते. घरच्या गिरणीत दळलेल्या पिठाचा भाव कोणी ठरवावा? सीमाशुल्क खात्याला शंका येते, की किंमत कमी दाखवून शुल्क चुकविले. आयकर खात्याची शंका नेमकी उलट: किंमत जादा लावून येथील नफा बाहेर नेला.

1962 च्या सीमाशुल्क कायद्याचे 14 वे कलम व 2007 चे मूल्यांकन नियम यांनुसार, नात्यामुळे किंमत बदललेली नाही, हे आयातदाराने दाखवावयाचे असते. 2001 च्या वित्त अधिनियमाने आयकरातही त्रयस्थांमधील किमतीची कसोटी सविस्तर घालून दिली.

अडचण उद्भवते ती नंतर. आयकर अधिकाऱ्याने 80 रुपयेच योग्य ठरविले, तर उरलेल्या 20 रुपयांवर आयकर लागतो. त्यांवर पूर्वी भरलेले सीमाशुल्क मात्र आपोआप परत मिळत नाही. यास्तव जाणते हिशेबनीस माल न्हावा-शेवा बंदरात उतरण्यापूर्वीच किमतीचे सूत्र करारात नमूद करतात आणि दोन्ही खात्यांपुढे तीच कागदपत्रे ठेवतात.