सोडत : निष्पक्ष निवडीची साधी रीत

वस्तू थोड्या आणि हक्कदार अधिक, असा प्रसंग संसारात व सार्वजनिक व्यवहारात वारंवार येतो. हैदराबादेतील कुकटपल्ली येथे तत्कालीन आंध्र प्रदेश गृहनिर्माण मंडळाने निरनिराळ्या उत्पन्न गटांसाठी विस्तीर्ण वसाहत उभारली. अशा वसाहतीतील एका इमारतीत बारा बिऱ्हाडे असून मोटारी ठेवण्यास छपराखालील जागा आठच आहेत, असे समजू. या जागा कोणास द्याव्यात?

‘प्रथम येईल त्यास प्रथम’ म्हटले, तर ज्यास सवड आहे त्याचे फावते. लिलाव केला, तर पैसा जिंकतो. पदाधिकाऱ्यांवर सोपविले, तर निर्णय योग्य असूनही संशय उरतो. चिठ्ठीला मात्र ना ओळख असते, ना वशिला. हेच तिचे सामर्थ्य होय.

तथापि, सोडत ही समान हक्काच्या व्यक्तींमध्येच काढावयाची असते. उपरोक्त इमारतीत एखादे अपंग रहिवासी असतील, तर त्यांस जागा आधी द्यावी आणि उरलेल्या सात जागांसाठी अकरा जणांत चिठ्ठ्या टाकाव्यात. गरज व पात्रता यांचा विचार प्रथम, सोडत त्यानंतर. विचार टाळण्यासाठी चिठ्ठी टाकणे हा न्याय नव्हे.

कायद्यानेही ही रीत मान्य केली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेशासाठी बालकाची वा पालकांची परीक्षा घेता येत नाही. एका बालकास दुसऱ्यापेक्षा पसंती देण्यास यादृच्छिक पद्धतीखेरीज अन्य मार्ग त्यात वर्ज्य मानला आहे. २०१७ च्या मुंबई महानगरपालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना समान मते पडली, तेव्हा निकाल चिठ्ठीनेच लागला. हैदराबादेत २०२३ साली शासकीय घरकुलांचे लाभार्थी संगणकीय सोडतीने निवडण्यात आले.

सोडत निष्पक्ष दिसली, तरी ती निष्पक्ष असेलच असे नाही. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सक्तीच्या सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत झाली. व्हिएतनाममध्ये तेव्हा युद्ध चालू होते. वर्षाच्या ३६६ तारखांच्या कुप्या महिनावार भरल्या गेल्या, परंतु पुरेशा मिसळल्या गेल्या नाहीत. परिणामी वर्षाच्या अखेरच्या महिन्यांतील, विशेषतः डिसेंबरातील, तारखा प्रमाणाबाहेर लवकर निघाल्या. ढवळण्यातील हयगयीने कित्येक तरुणांच्या वाट्याला युद्ध लवकर आले. पुढील वर्षी पद्धत सुधारावी लागली.

यास्तव पुढील दक्षता घ्यावी :

१. हक्कदारांची यादी आधी सर्वांसमक्ष वाचून कायम करावी.
२. चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या व सारख्या घडीच्या असाव्यात. त्या मोजून भांड्यात टाकाव्यात आणि नीट ढवळाव्यात.
३. किती चिठ्ठ्या काढावयाच्या व पहिल्या चिठ्ठीस कोणती जागा, हे आधीच लिहून ठेवावे.
४. ज्याचा या निकालाशी संबंध नाही अशा व्यक्तीने, शक्यतो लहान मुलाने, न पाहता चिठ्ठी काढावी.
५. निकाल मनाजोगता नाही म्हणून सोडत पुन्हा काढू नये. पुन्हा काढलेली सोडत ही सोडत नसून निवड होय.
६. निकाल तेथेच लिहून उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात.

शेवटचा धडा आपल्या भिशीतून घेता येतो. ज्याची चिठ्ठी एकदा निघाली, त्याचे नाव पुढील फेरीत वगळले जाते. त्यामुळे प्रत्येकाची पाळी येतेच. मोटारींच्या जागाही कायमच्या न देता वर्षापुरत्या द्याव्यात. या वर्षी वंचित राहिलेल्या चौघांना पुढील वर्षी प्रथम स्थान द्यावे आणि उरलेल्या जागांसाठीच पुन्हा चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्याला जागा मिळाली, तो पद्धतीबद्दल क्वचितच विचारतो. ज्याला मिळाली नाही, त्यासही ती पटली आणि शेजाऱ्याशी त्याचे बोलणे पूर्ववत राहिले, तरच सोडत सफल झाली असे म्हणता येईल.