बाटलीवरचा त्रिकोण आणि पोटातलं बाळ

मानवतजवळ आमची कोरडवाहू शेती, कापूस नि सोयाबीनची. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत मानवी मेंदूच्या पूर्वपेशी वाढवते आणि रसायनांमुळे मेंदूच्या घडणीला बाधा येते का, हे त्यांच्यावर तपासते. पऱ्हाटीवरची औषधं मला दोन्हीकडे भेटतात.

१. औषधाच्या बाटलीवरचा रंगीत त्रिकोण फक्त मरणाचं बोलतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग ठरतात ते किती मात्रेत प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात यावरून. वजनाच्या दर किलोमागे पोटात गेलेले ५० मिलिग्रॅमपर्यंत पुरले की लाल, ५१ ते ५०० लागले की पिवळा. फवारणाऱ्याचा जीव वाचवायला ही खूण हवीच. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. पण गर्भातल्या मेंदूचं काय, हे त्या रंगावरून कळत नाही. ‘हिरवा आहे, काही होत नाही,’ म्हणत दिवस गेलेल्या सुनेला पंपात औषध कालवायला लावतात, तेव्हा मला राहवत नाही.

२. जिवंत पेशी म्हणजे धडधाकट पेशी नव्हे. आमचा पेशींचा गोळा मोहरीच्या दाण्याहूनही लहान. प्रथिनाचा थर दिलेल्या प्लेटमध्ये तो ठेवला की दुसऱ्या दिवशी त्याच्या कडेनं पेशी चहूबाजूंना सरकत निघालेल्या दिसतात. पुढे काहींचे न्यूरॉन होतात, त्यांना लांब तंतू फुटतात, ते एकमेकांना जोडले जातात. तळाशी इलेक्ट्रोड असले तर आधी विस्कळीत असलेले संकेत हळूहळू एका लयीत येतात. गर्भातही मेंदू याच पायऱ्यांनी घडतो. रसायन घातल्यावर कधी एकही पेशी मरत नाही, पण सरकण्याचं अंतर आखडतं, तंतू खुंटतात. पेशी मारणाऱ्या मात्रेच्या कितीतरी खाली हे घडलं, तर तो घाव मेंदूच्या घडणीवरच आहे असं आम्ही धरतो.

३. मेंदूच्या घडणीला बाधा येते का, हे उंदरांवर तपासण्याची रीत संथ आणि महाग आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची त्यासाठीची पद्धत २००७ ची. एका रसायनामागे शेकडो पिल्लं लागतात. म्हणून बाजारातल्या बहुतेक रसायनांची ही तपासणी झालेलीच नाही. पेशींवरच्या चाचण्यांचा संच कसा वापरावा, याची ओईसीडीची मार्गदर्शिका २०२३ मध्ये आली. ती फार आधी यायला हवी होती.

४. प्लेटला यकृत नसतं, वारही नसते. क्लोरपायरीफॉस शरीरात गेलं की त्याचं ऑक्सॉन नावाचं जास्त विषारी रूप बनतं, आणि ते मुख्यतः यकृतात. नुसत्या न्यूरॉनवर मूळ रसायन टाकून ‘काही दिसलं नाही’ म्हटलं, तर त्याचा अर्थ निर्धोक असा होत नाही. माणसांत मात्र खूण दिसली आहे: न्यूयॉर्कमध्ये जन्मावेळी नाळेच्या रक्तात हे रसायन जास्त सापडलेली मुलं सातव्या वर्षी बुद्धिमापनात मागे पडलेली दिसली, तो अभ्यास २०११ चा. युरोपनं २०२० मध्ये क्लोरपायरीफॉसची मान्यता काढून घेतली.

५. पण प्लेटमधली खूण हलकी समजू नये. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी नवजात उंदरांच्या लहान मेंदूतल्या न्यूरॉनवर ॲसिटामिप्रिड आणि इमिडाक्लोप्रिड तपासलं, तेव्हा न्यूरॉनवर परिणाम दिसला. मावा, तुडतुड्यांवर आपल्याकडे सर्रास मारतात तीच ही औषधं. ते निष्कर्ष पाहून युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१३ मध्ये दोन्हींची सुरक्षित मर्यादा खाली आणा असं सुचवलं. २०२४ मध्ये ॲसिटामिप्रिडची रोजची मर्यादा पाचपटीनं घटवण्याची शिफारस झाली, कारण मेंदूच्या वाढीबाबतची शंका फिटलेली नव्हती.

६. गावात गेले की बायका विचारतात, ‘ताई, मग मारायचं तरी काय?’ प्रश्न रास्त आहे. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे, सुरुवातीच्या किडीला पाच टक्के निंबोळी अर्क, आणि किडीनं नुकसानीची पातळी ओलांडल्याशिवाय पंप उचलायचा नाही, हे मी सांगते. गरोदर बाईनं औषध कालवायचं नाही, फवारलेल्या रानात लगेच खुरपायला जायचं नाही आणि फवारणीचे कपडे तिच्याकडे धुवायला द्यायचे नाहीत, हे मात्र मी घरातल्या पुरुषांना समोर बसवून सांगते.